चालता कॉम्प्युटर ‘अपात्र’ का ठरतो?

पनागर हे जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरचे गाव. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर, भोवती मटाराची शेती. इथल्या एखाद्या मराठी घराची कल्पना करा. कॉम्प्युटर एकच आणि त्यावर सगळ्यांची कामे: वडिलांची मालविक्रीची बिले, थोरलीची सीपीसीटी परीक्षेसाठी हिंदी टायपिंगची तयारी, आजोबांचा नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांशी चालणारा मराठी पत्रव्यवहार. यंत्र २०१७ साली जबलपूरला मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समधून आणलेले. अजून कुरकुर नाही. आणि एक दिवस पडद्यावर सूचना येते, की विंडोज १०चा पाठिंबा संपला आहे आणि विंडोज ११साठी लागणाऱ्या किमान अटी हा कॉम्प्युटर पूर्ण करत नाही.

“बाबा, हा बिघडलाय का?”

“बिघडला असता तर सुरू झाला असता का?”

दोघांचेही बरोबर आहे, आणि म्हणूनच कोडे पडते. त्यात शेजाऱ्यांनी वर्षभराने घेतलेला, दिसायला तसाच, वेगाला तेवढाच कॉम्प्युटर मात्र पात्र ठरतो. मग या दोन यंत्रांत फरक कशाचा? आणि अपग्रेड करायचे ठरवले, तर आतले फोटो, बिले, पत्रे यांचे नेमके काय होते?

१४ ऑक्टोबर २०२५ला काय थांबले

विंडोज १० ही २९ जुलै २०१५ रोजी आली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिला नेहमीचा पाठिंबा देणे थांबवले. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, कोणाची फाइल गेली नाही. थांबली ती महिन्याची दुरुस्ती.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे माणसांनी लिहिलेल्या सूचनांच्या कोट्यवधी ओळी. एवढ्या लिखाणात चुका राहतातच, आणि त्यांतल्या काही अशा असतात की बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. अशा चुका वर्षानुवर्षे सापडत राहतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवरच्या दुरुस्त्या पाठवते. ‘अपडेट होत आहे, बंद करू नका’ ही वैताग आणणारी पाटी बहुधा त्याच कामाची असते.

दुरुस्ती थांबल्याने धोका हळूहळू वाढतो, एवढेच सहसा सांगितले जाते. खरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विंडोज १० आणि ११ यांच्या आतले बरेच लिखाण सारखेच आहे. विंडोज ११साठी दुरुस्ती आली, की दुरुस्तीआधीची आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून कोणती ओळ बदलली हे जाणकार चोराला काढता येते. म्हणजे चूक नेमकी कुठे होती ते त्याला कळते. तीच चूक विंडोज १०मध्ये असेल, तर तिथे ती उघडीच राहिलेली असते. नव्या घरांना कुलूप बसवताना जुन्या घरांचे कुठले दार उघडे आहे, हेच जगजाहीर होते.

असे उघडे राहिलेले दार किती महाग पडते, हे २०१७ साली जगाने पाहिले आहे. विंडोजमधली एक चूक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्त केली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू त्याच चुकीतून सुटला आणि काही दिवसांत सुमारे दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरांत घुसला. फाइली कुलूपबंद करून तो सोडवणुकीचे पैसे मागत होता. भारतात आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटरही त्यात सापडले. दुरुस्ती दोन महिने आधीच तयार होती. ज्यांनी ती घेतली होती, त्यांच्याकडे हा विषाणू त्या वाटेने शिरू शकला नाही. म्हणून ‘आमच्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखे आहे काय?’ हा प्रश्न गैरलागू आहे. असा विषाणू घर निवडून येत नाही, उघडे दार सापडेल तिथे शिरतो.

छोटी लाईन आणि मोठी लाईन

ऑपरेटिंग सिस्टीम नेमकी करते काय? तुम्ही पत्र लिहिता तो प्रोग्रॅम प्रिंटरशी थेट बोलत नाही. प्रिंटर कोणत्या कंपनीचा, कागद कुठून घेतो, शाई किती, याची त्याला काहीच माहिती नसते. तो विंडोजला सांगतो, ‘हे पान छाप.’ विंडोज ते काम ‘ड्रायव्हर’ या छोट्या प्रोग्रॅमकडे देते. हा ड्रायव्हर प्रिंटर बनवणाऱ्यानेच लिहिलेला असतो आणि त्याला त्या प्रिंटरची भाषा येते. स्कॅनर, वायफाय, आवाज, पडदा, प्रत्येकाचा असा ड्रायव्हर असतो.

जबलपूरकरांना यापुढचा भाग समजायला सोपा आहे, कारण त्यांनी जबलपूर-नैनपूर-गोंदिया छोटी लाईन पाहिली आहे. दोन रुळांतले अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट. त्याच मार्गाची ब्रॉड गेज झाली तेव्हा ते अंतर साडेपाच फूट झाले. गावे तीच राहिली, प्रवासी तेच, गोंदियाहून पुढे विदर्भात जाणारा माणूसही तोच. पण छोट्या लाईनचा एकही डबा नव्या रुळांवर चालू शकला नाही आणि जबलपूरमधले हाऊबागचे जुने स्थानक मागे पडले.

कॉम्प्युटरमधला गेज म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट. प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो, त्याचे हे माप. ३२ बिटांत मावणाऱ्या आकड्यांनी साधारण ४ जीबी मेमरीपर्यंतचेच पत्ते लिहिता येतात; त्यापुढची मेमरी असूनही सहज वापरता येत नाही. विंडोज १० दोन्ही गेजमध्ये मिळत होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत आहे. तुमची पत्रे, फोटो, बिले हे प्रवासी आहेत; त्यांना गेजशी देणेघेणे नाही. ड्रायव्हर मात्र डबे आहेत. ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाही. ३२ बिटांच्या साध्या प्रोग्रॅमांसाठी विंडोज ११मध्ये वेगळी सोय केलेली आहे, त्यामुळे ते बहुतेक चालतात. १६ बिटांच्या काळातले, विंडोज ३.१च्या जमान्यातले प्रोग्रॅम कायमचे बाद होतात.

म्हणून अपग्रेडनंतर ‘फोटो आहेत, पण स्कॅनर मेला’ अशी तक्रार येते. स्कॅनर मेलेला नसतो. त्याच्या कंपनीने नवा ड्रायव्हर लिहिलेला नसतो.

कॉम्प्युटरवर आधीच ३२ बिटांची विंडोज १० असेल, तर तीच पुढे नेऊन विंडोज ११ करता येत नाही. सगळे पुसून नव्याने टाकावे लागते. ४ जीबी किंवा त्याहून कमी मेमरीच्या पुष्कळ घरगुती यंत्रांवर दुकानदारांनी ३२ बिटांचीच विंडोज टाकून दिलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि मग ‘अबाउट’ उघडले की ‘सिस्टीम टाइप’ या ओळीत हे लिहिलेले दिसते. पहिली तपासणी हीच करावी.

शेजाऱ्याचा पात्र, आपला अपात्र

आता मूळ कोड्याकडे. विंडोज ११च्या अटींपैकी ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी डिस्क या अटी बहुतेक यंत्रे पार करतात. अडते ते तीन ठिकाणी: सिक्युअर बूट, टीपीएम आणि प्रोसेसर.

बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागी होत नाही. आधी मदरबोर्डवरचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. जुन्या पद्धतीत त्याला बायोस म्हणत, नव्या पद्धतीत यूईएफआय. तो डिस्कवरचा आरंभीचा तुकडा शोधतो, आणि तो तुकडा विंडोजला उठवतो. या आरंभीच्या तुकड्यातच विषाणू जाऊन बसला तर अँटिव्हायरसला तो दिसत नाही, कारण अँटिव्हायरस त्याच्यानंतर उठतो. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर यूईएफआय त्या तुकड्यावरची डिजिटल सही तपासते आणि सही जुळली नाही तर पुढे जाऊ देत नाही. ‘टीपीएम’ ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी आणि सुरुवातीला काय काय जागे झाले याची नोंद ठेवणारी चिप. विंडोज ११ला तिची २.० ही आवृत्ती लागते.

‘टीपीएम सापडली नाही’ असे दिसले की पुष्कळ लोक यंत्र टाकाऊ समजतात. तसे करू नका. इंटेल आणि एएमडी यांच्या गेल्या काही वर्षांतल्या पुष्कळ प्रोसेसरांत ही सोय आतच असते, फक्त कारखान्यातून बंद ठेवलेली असते. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये ती इंटेलच्या यंत्रात ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या यंत्रात ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. चालू केली की अट पूर्ण. सिक्युअर बूटचे असे सरळ नसते. डिस्क जुन्या बायोसच्या पद्धतीने मांडलेली असेल आणि नुसतेच ‘लेगसी’चे ‘यूईएफआय’ केले, तर विंडोज सापडतच नाही आणि पडदा काळा राहतो. आधी डिस्कची मांडणी ‘एमबीआर’वरून ‘जीपीटी’वर न्यावी लागते. त्यासाठीचे साधन विंडोज १०मध्येच आहे, पण हे काम बॅकअप घेतल्यावर आणि जाणकार माणूस शेजारी बसवूनच करावे.

उरला प्रोसेसर. मायक्रोसॉफ्टची मान्य यादी काही अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडी रायझनच्या २००० मालिकेपासून सुरू होते. पिढी ओळखायची तर ‘अबाउट’मधल्या नावाकडे पाहा. ‘कोअर आय-५-७४००’ यात शेवटच्या चार आकड्यांतला पहिला ७, म्हणजे सातवी पिढी. ‘आय-५-८४००’ म्हणजे आठवी. ‘१०४००’सारखा पाच आकडी असेल तर पहिले दोन आकडे पाहा: इथे १०, म्हणजे दहावी. आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०१७मध्ये आले. त्याआधी घेतलेले आपले यंत्र सातव्या पिढीचे, वर्षभराने घेतलेले शेजाऱ्यांचे आठव्या पिढीचे. कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

कंपनीचे म्हणणे असे, की विंडोजचा नाजूक भाग उरलेल्या भागापासून वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची नवी संरक्षण-पद्धत जुन्या प्रोसेसरवर फार वेळ खाते. फार जुन्या पिढ्यांच्या यंत्रांबाबत ते पटते. सातव्या पिढीबाबत पूर्ण पटत नाही. तो प्रोसेसर घरच्या कामाला आजही पुरेसा आहे, आणि रेघ आणखी एक पायरी खाली ओढली असती तर लाखो घरांतली चांगली यंत्रे वाचली असती, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपग्रेड चालू असताना आत काय घडते

यंत्र पात्र असेल आणि विंडोज १० अधिकृत असेल, तर विंडोज ११साठी वेगळे पैसे पडत नाहीत. डाउनलोड पाच जीबीच्या आसपास. घरात मोबाइलच्या रोजच्या मर्यादित डेटावरच काम चालत असेल, तर चांगले इंटरनेट असलेल्या नातेवाइकांकडे ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच ‘मीडिया क्रिएशन टूल’ने विंडोज ११ उतरवून आणावी.

पहिला टप्पा जुन्या विंडोजमध्येच चालतो. कोणते ड्रायव्हर, कोणते प्रोग्रॅम आहेत याची यादी केली जाते, न जुळणाऱ्या गोष्टी शोधल्या जातात आणि नवी विंडोज डिस्कवरच्या एका लपवलेल्या फोल्डरमध्ये उलगडली जाते. इथपर्यंत तुम्ही काम करत राहिलात तरी चालते. मग यंत्र पुन्हा सुरू होते, पण या वेळी जुनी विंडोज उठत नाही आणि नवीही नाही. उठते ती फक्त या कामापुरती ठेवलेली एक चिमुकली विंडोज. कारण उघड आहे: चालू असलेली प्रणाली स्वतःच्याच फाइली बदलू शकत नाही. ही चिमुकली विंडोज जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये सरकवते आणि तिच्या जागी नवी मांडते. तुमच्या फाइली या वेळी एकेक करून उचलल्या जात नाहीत. बहुतांशी डिस्कच्या यादीतला त्यांचा पत्ता तेवढा बदलतो. म्हणूनच शेकडो जीबी फोटो असूनही हे काम थोडक्यात आटोपते.

तिसऱ्या टप्प्यात नवी विंडोज पहिल्यांदा उठते, यंत्रातले भाग ओळखते आणि ड्रायव्हर बसवते. अपग्रेड अडकते ते बरेचदा इथे, एखाद्या जुन्या ड्रायव्हरपाशी. चौथ्या टप्प्यात तुमचे खाते, सेटिंग्ज आणि प्रोग्रॅम नव्या घडीत बसवले जातात आणि लॉगिनचा पडदा येतो. एखाद्या टप्प्यावर बिनसले तर जुनी विंडोज परत आणण्याची व्यवस्था आहे, आणि बहुतेक वेळा ती काम करते. पण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात वीज गेली तर खात्री देता येत नाही. यूपीएसची बॅटरी दमलेली असेल तर ती आधी बदला. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

अपग्रेडनंतर १० दिवस ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ बटणाने विंडोज १०वर परतता येते. त्यानंतर ‘विंडोज डॉट ओल्ड’ आपोआप पुसले जाते. प्रिंटर, स्कॅनर, बिलांचा प्रोग्रॅम, बँकेचे काम हे सगळे या १० दिवसांतच एकदा चालवून पाहावे.

आपली अक्षरे कुठे जातात

अपग्रेडवरच्या इंग्रजी माहितीत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

मध्य प्रदेशात हिंदीसाठी ‘कृतिदेव’ आणि मराठी घरांत, छापखान्यांत ‘श्री-लिपी’सारखी साधने वर्षानुवर्षे वापरली गेली. अशा जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या फाइलीत प्रत्यक्षात देवनागरी नसतेच. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘भारत’ हा शब्द फाइलीत एच-के-के-जे-आर अशी पाच रोमन अक्षरे म्हणून साठवला जातो. फॉन्ट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो, इतकेच. फॉन्ट गेला की तीच फाइल अगम्य इंग्रजी अक्षरांची होते. सगळे पुसून नवी विंडोज टाकली की हे हमखास घडते, आणि आजोबांना वाटते की पत्रे खराब झाली. पत्रे शाबूत असतात. फॉन्ट परत टाकला की ती दिसतात.

युनिकोडमध्ये असे होत नाही, कारण तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराला जगभर मान्य असलेला स्वतःचा क्रमांक आहे. विंडोज २०००पासून विंडोजमध्ये हिंदी-मराठीची ही सोय आहे. तरीही एक खाच आहे. सीपीसीटीच्या हिंदी टायपिंगला लागणारा ‘मंगल’ फॉन्ट आता विंडोजमध्ये आपोआप येईलच असे नाही; तो पर्यायी फॉन्टांच्या गटात आहे. सेटिंग्जमध्ये हिंदी किंवा मराठी भाषा जोडली की तो येतो. मराठीचा इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टाइप करण्याचा, असे दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. रेमिंग्टन गेल पद्धतीचा सराव असलेल्यांना मात्र तो कीबोर्ड वेगळा टाकावा लागतो, आणि परीक्षा आठवड्यावर आली असेल तर अपग्रेड पुढे ढकललेलेच बरे.

[चौकट] अपग्रेडच्या आदल्या दिवशी

फोटो, बिले, पत्रे बाहेरच्या डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या आणि ती दुसऱ्या यंत्रावर एकदा उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. फॉन्ट्सचा फोल्डरही सोबत घ्या. प्रिंटर-स्कॅनरच्या कंपनीकडे ६४ बिटांचा ड्रायव्हर आहे का ते बघा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची ‘रिकव्हरी की’ कागदावर लिहून ठेवा; यूईएफआयमध्ये बदल केल्यावर यंत्र ती मागू शकते. यंत्रात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. नाही तर विंडोज ११ इतकी रेंगाळेल की दोष तिच्यावर येईल.

अपात्र यंत्राचे काय

अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ भेटतील. तशी ती चालतेही. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दुरुस्तीसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे. चोरून ‘अॅक्टिव्हेट’ केलेली विंडोज त्याहून वाईट: तो अॅक्टिव्हेटर कोणी आणि कशासाठी लिहिला, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

विंडोज १०साठी घरगुती ग्राहकांना जादा सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना आहे. तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे. मायक्रोसॉफ्टचे खाते जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर ती पैसे न देताही मिळते. त्यानंतरचा सरळ मार्ग म्हणजे लिनक्स. लिनक्स मिंट किंवा उबुंटू सातव्या पिढीच्या यंत्रावर व्यवस्थित चालते, फुकट असते, मराठी दाखवते आणि लिब्रेऑफिसमध्ये पत्रे-हिशेब होतात. विंडोजवरच चालणारा बिलांचा प्रोग्रॅम किंवा फार जुना लेझर प्रिंटर तिथे अडू शकतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स डिस्कला हात न लावता चालवून पाहता येते, तेव्हा आधी तसे पाहावे आणि मगच ठरवावे.

पनागरच्या त्या घराला माझा सल्ला असा. शेजाऱ्यांनी बॅकअप घेऊन विंडोज ११ टाकावी. आपण घाबरून नवे यंत्र घेऊ नये. जादा दुरुस्त्यांची योजना लगेच घ्यावी, थोरलीची परीक्षा होऊ द्यावी आणि मग निवांत एका रविवारी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी. आजोबांच्या कृतिदेवमधल्या आणि श्री-लिपीतल्या पत्रांसाठी मात्र तोवर थांबू नका. ती युनिकोडमध्ये आणण्याचे काम याच आठवड्यात सुरू करा.